बटणावरची करंगळी

आयडेला : गिटार त्या टेबलावर ठेवू नकोस, वॉर्डेल. टेबलावर गेली की तुझा हात आपोआप पेचकसाकडं जातो.

वॉर्डेल : हात खिशात आहेत, आयडेलाबाई. हे बघा.

कॉर्नेल : आत्या, नुसतं ऐकून तरी घे. ऐकायला काय जातं?

आयडेला : तू काय सांगून आणलंस मला? तारा बदलू आणि येताना कोपऱ्यावर रिब टिप्स खाऊ. दुकानात पाऊल टाकते तर काउंटरवर गिटारीत बसवायचा नवा पिकअप, साखरपुड्याच्या अंगठीसारखा फडक्यावर मांडलेला.

कॉर्नेल : खरं सांगितलं असतं तर तू गाडीत बसली असतीस का?

आयडेला : नसते बसले.

कॉर्नेल : मग?

वॉर्डेल : मला मात्र अर्धंच कळलंय. कॉर्नेल फोनवर म्हणाला, आत्याची गिटार घूं घूं करते, ती गप्प करायचीय. पुढं काही बोलला नाही.

आयडेला : घेतली त्या दिवसापासून ती घूं घूं करते. ह्याचा बाप जन्मभर तिच्या शेजारी उभा राहून गायला. माझ्या भावाला, हर्शेलला, ती कधी खुपली नाही. पोराला बरी खुपली.

कॉर्नेल : मला नाही, हॅरिगनला खुपली.

वॉर्डेल : म्हणजे क्लबचा नवा मालक?

कॉर्नेल : तोच. शुक्रवारी तो आमचा कार्यक्रम कॅमेऱ्यावर घेणार आहे. निम्मी गाणी ब्लूजची, निम्मी जुन्या रॉकची. बाहेरगावची माणसं येतात, त्यांना रॉक लागतं. आणि रॉकला अँपचा आवाज चढवावा लागतो, काका. अँप चढवला की आत्याच्या गिटारीतून गाणं कमी आणि गिरणीच जास्त ऐकू येते.

आयडेला : भिंतीकडं तोंड करून उभी राहते तेव्हा नाही येत.

वॉर्डेल : ते खरंय. सिंगल पिकअप म्हणजे काय, चुंबकावर तांब्याच्या तारेचं एकच वेटोळं. तो गिटारीच्या तारा ऐकतो, तसंच दिव्यांची, वायरींची, त्या बियरच्या निऑन पाटीची गुणगुणही ऐकतो. एका ठरावीक कोनात धरला तर तेवढा गप्प बसतो.

कॉर्नेल : आणि क्लबात तो कोन म्हणजे लोकांकडं पाठ. सगळ्या वेस्ट साइड वस्तीला वाटतं, बाई घमेंडखोर आहे.

आयडेला : आहेच. पण पाठ करते ती त्यासाठी नाही.

कॉर्नेल : हॅरिगनला तुझा चेहरा कॅमेऱ्यात हवाय. तोंड समोर, आणि घूं घूं बंद. त्याचं एवढंच म्हणणं आहे.

आयडेला : एकदा ह्याच पिकअपमधून टॅक्सीवाल्यांचा रेडिओ ऐकू आला होता, आठवतं का रे वॉर्डेल? भर गाण्यात. मॅडिसन आणि पुलास्कीच्या चौकात गाडी पाठवा म्हणे.

वॉर्डेल : आठवतं की. हर्शेलनं तीच ओळ उचलून गायली. लोकांना वाटलं, गाण्यातलीच आहे.

आयडेला : बाई रस्त्यात उभी आहे, गाडी पाठवा. तीनदा गायला. असा होता तुझा बाप.

कॉर्नेल : बाबांचा मालक बाबांचा दोस्त होता. माझा नाही.

वॉर्डेल : मी काय म्हणतो, बाई. गिटारीच्या मानेजवळचा तुमचा जुना सिंगल आहे तिथंच राहू दे, ब्लूजसाठी. खाली पुलाजवळ, तारा टेकतात तिथं, हा डबल बसवू. ह्यात दोन वेटोळी असतात, एक सुलटं, एक उलटं. बाहेरची गुणगुण दोन्हीत शिरते आणि आपसात मरते. तारांचा आवाज मात्र राहतो, उलट जाडच होतो. रॉकला तो जाडपणा हवाच असतो. म्हणजे दोन्ही पाहुणे जेवून जातील.

आयडेला : मावतो का तो तिथल्या खाचेत?

वॉर्डेल : मावतो म्हणजे... थोडं लाकूड कोरावं लागेल.

आयडेला : थोडं म्हणजे किती?

वॉर्डेल : अंगठ्याएवढं.

आयडेला : आणि नको वाटलं तर परत भरता येतं?

वॉर्डेल : भरतात. पण भरलंय ते दिसतं. पहिल्यासारखं होत नाही, खोटं कशाला बोलू.

आयडेला : माझा दात दुखत नाही आणि हा म्हणतो काढून सोन्याचा बसवू. बरं, कॉर्नेल, मी नाही म्हटलं तर?

कॉर्नेल : कशाला नाही म्हणशील?

आयडेला : मी विचारलं ते सांग.

कॉर्नेल : हॅरिगननं दुसरा एक गिटारवाला बघून ठेवलाय. उपनगरातला आहे. त्याची गिटार अजिबात गुणगुणत नाही.

आयडेला : आणि वाजते का?

कॉर्नेल : आत्या, मी चेष्टा करत नाही.

आयडेला : मीपण नाही. तू त्याला काय सांगितलंस?

कॉर्नेल : म्हटलं, आत्याला विचारून सांगतो.

आयडेला : म्हणजे हो म्हणालास. ज्या बँडचं नाव मी ठेवलं, ज्यात तुला मी पहिल्यांदा स्टुलावर उभं करून गायला लावलं, त्यातनं मला काढायला तू मलाच विचारतोयस.

कॉर्नेल : काढत नाहीये, ठेवायची धडपड करतोय. तुला काय कळणार? मालकाशी बोलायचं मी, ड्रमवाल्याला समजवायचं मी, आणि तू भिंतीकडं तोंड करून मोकळी. तुझा तो जुना आवाज, जुना आवाज... डोळे बंद करून तुला तरी ओळखता येतो का?

आयडेला : मला? झोपेतून उठवून विचार.

कॉर्नेल : मग होऊन जाऊ दे. काका, तुमच्याकडं अशीच गिटार आहे ना, डबल बसवलेली?

वॉर्डेल : आहे. पण बाई गुणगुणीवरनंच ओळखतील.

कॉर्नेल : आवाज मंद ठेवा, दुकानातले दिवे घालवा. तू भिंतीकडं तोंड कर, आत्या, तुला सवय आहेच. ओळखलंस तर मी हॅरिगनला नाही म्हणून कळवतो, पुढं माझं काय व्हायचं ते होवो. चुकलीस तर काका कोरणार.

आयडेला : कबूल.

वॉर्डेल : मला ह्यात ओढू नका, मला दोघांशी बोलायचंय अजून.

आयडेला : वाजव, वॉर्डेल.

(दिवे जातात. आयडेला भिंतीकडे तोंड करून उभी राहते. वॉर्डेल एकच चाल आधी एका गिटारीवर, मग दुसरीवर वाजवतो.)

आयडेला : दुसरी माझी.

वॉर्डेल : हवं तर पुन्हा वाजवतो.

आयडेला : गरज नाही. दुसरी. जाड तारा कशा घशातून बोलतात बघ. पहिली नाकात बोलत होती.

कॉर्नेल : काका, सांगा.

वॉर्डेल : अंधारात माझीच काही अदलाबदल झाली असेल...

आयडेला : वॉर्डेल.

वॉर्डेल : पहिली तुमची होती, बाई.

कॉर्नेल : आत्या... बस जरा. पाणी देऊ?

आयडेला : पाणी कशाला? मी हरलेय, आजारी नाही. दिवे लाव. आणि माझी गिटार दे.

कॉर्नेल : पैज ठरली होती.

आयडेला : ठरली होती. गिटार दे. तीच चाल आता मी वाजवते. तू ऐकू नकोस, कान तुझे हॅरिगनकडं गेलेत. नुसता माझा उजवा हात बघ. ...काय दिसलं?

कॉर्नेल : वाजवतेस. काय दिसणार?

वॉर्डेल : करंगळी. आवाजाच्या बटणावर आहे. ओळ संपली की आवाज पार बंद करता, आणि पुढची सुरू व्हायच्या आत उघडता.

आयडेला : कशासाठी?

कॉर्नेल : घूं घूं ऐकू येऊ नये म्हणून.

आयडेला : हे मला कुणी शिकवलं नाही, ह्या भुंग्यानं शिकवलं. रिकामी जागा सोडली की हा गुरगुरणार, म्हणून प्रत्येक जागा मला हातानं बंद करावी लागते. आता ती तुझी मुकी गिटार दे इकडं, वॉर्डेल. बघ.

वॉर्डेल : करंगळी नुसतीच लोंबतेय.

आयडेला : आणि बाकीची बोटं? थांबायचं कारणच नाही, म्हणून बडबडतेय बघ मी. पहिल्याच रविवारी प्रवचनाला उभा राहिलेला नवा पाद्री जसा.

कॉर्नेल : मला तर चांगलं वाटलं.

आयडेला : आहेच चांगलं. मी स्वतः त्याला माझा आवाज म्हटलं, आता कुठल्या तोंडानं नावं ठेवू? वॉर्डेलच्या पिकअपमध्ये खोट नाही. पण माझ्या वाजवण्याबद्दल तुझा बाप काय म्हणायचा?

कॉर्नेल : वाजवते बरी, पण थांबते फार छान.

आयडेला : ते थांबणं मी करते, कॉर्नेल. दर ओळीला, हातानं. ह्या डबलवर ते आयतं मिळतं. आयत्या शांततेचं मी काय करू?

कॉर्नेल : म्हणजे तू कोरू देणार नाहीस.

आयडेला : नाही.

कॉर्नेल : पैज हरूनही.

आयडेला : हरूनही. गावभर सांग, आयडेला हरली आणि शब्दावरून फिरली. विचारलं तर मीच सांगीन. पण लाकडाला पटाशी लागणार नाही.

कॉर्नेल : ह्याला काय म्हणायचं, काका?

वॉर्डेल : मी मेकॅनिक आहे. मला गिटारीचं विचार.

आयडेला : एक करते मी. शुक्रवारी लोकांकडं तोंड करून उभी राहते. इतकी वर्षं भुंगा लपवायला पाठ केली, आता नाही लपवत. गुणगुण यायची तर येईल, आणि ती मी कशी मारते तेही दिसेल कॅमेऱ्यात. हॅरिगनला तेही नको असेल तर घे त्या उपनगरवाल्याला. गा त्याच्याबरोबर. मी रुसणार नाही.

कॉर्नेल : पैज मोडलीस ते एक, आजचं हे दुसरं खोटं.

आयडेला : बरं, रुसेन. पण घरात बसून रुसेन, तुझ्या दारात येऊन नाही.

वॉर्डेल : डबल परत डबीत घालू का?

कॉर्नेल : थांबा जरा. फोन लावतो... हॅलो, मिस्टर हॅरिगन? हो, दुकानातच आहे... हो, समोर तोंड करून उभी राहतेय... नाही, ते नाही बदललं. जुनाच... हो, येईल थोडी गुणगुण... नाही, सर, तो नको... चांगला असेल हो, मी कुठं वाईट म्हणतोय? पण आत्या जिथं थांबते तिथं मी श्वास घेतो. तेरा वर्षांचा होतो तेव्हापासून तिथंच घेतोय. तो नवा माणूस थांबणारच नाही, मी गाऊ कसा?... मग आम्ही दोघंही नाही... हो, विचार करूनच बोलतोय... हॅलो?

आयडेला : काय म्हणाला?

कॉर्नेल : ठेवला त्यानं.

आयडेला : म्हणजे शुक्रवार गेला.

कॉर्नेल : शुक्रवार गेला, शनिवार गेला. तो क्लबच गेला, आत्या.

आयडेला : घाबरलास?

कॉर्नेल : घाबरलो तर.

आयडेला : बस त्या स्टुलावर. हे श्वासाचं मला कधी बोलला नाहीस.

कॉर्नेल : मलाच कुठं माहीत होतं?

वॉर्डेल : माझ्या दुकानापुढं फूटपाथ रुंद आहे. शुक्रवारी ह्या वेळेला गर्दीही असते. वायर मी खिडकीतून बाहेर देतो. पूर्वी सगळे तसेच वाजवायचे.

कॉर्नेल : इथं? डोक्यावरच्या पुलावरून रेल्वे जाते, काका. दर गाडीला आत्याची गिटार नुसती कोकलेल.

आयडेला : कोकलू दे. गाडी जाईपर्यंत मी थांबेन. तू तेवढ्यात श्वास घे.