वरच्या खोलीची रेंज

चार्जर घ्यायला आलेल्या शिक्षिकाबाई दुकानात रांगेत उभ्या होत्या, पण त्यांचे कान लागले होते पुढच्या वयस्क गृहस्थांच्या दुकानदाराशी चाललेल्या बोलण्याकडे.

"काका, एवढ्या मोठ्या घराला नुसता राउटर कसा पुरेल? खोलीखोलीत वायफायची रेंज देणारे अ‍ॅक्सेस पॉइंट असू द्या की."

"तेच काढायला माणूस पाठवा. आधी रेंज फक्त बैठकीत यायची. पोरं, बायको, सगळी तिथंच भांडत बसायची."

"मग?"

"मग मीच हौसेनं खोल्याखोल्यांत बसवून घेतले. घर चिडीचूप झालं. पोरं तशीच मोठी होऊन निघूनही गेली."

"म्हणजे सगळेच काढायचे?"

"सगळेच. नाही, थांबा. वरच्या खोलीतला राहू द्या. तिथं बायको असते. 'जेवून घ्या' एवढा तरी मेसेज येतो."