शिडी कितव्या निकषात बसते?

तीन मिनिटं! अहो, तीन मिनिटांत माझ्या पायात मोजासुद्धा चढत नाही, आणि ही नियोजन समिती म्हणते, काय ते तीन मिनिटांत बोला, दिवा लाल झाला की खाली बसा! तुम्हाला सांगतो, आमच्या घरामागची हेमस्ट्रांची सफरचंदाची बाग विकली गेली, तिथं चौसष्ट घरांचं नियोजित संकुल येणार, आणि मला त्यातली एक रांग वाचवायची होती... एकच! नऊ झाडं! का? तर पासष्ट सालच्या ऑक्टोबरात त्या रांगेत माझी लोइस शिडीवर सफरचंदं काढत होती आणि मी खाली शिडी धरून, तासभर नुसता धरूनच, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ... शेवटी तीच वरून ओरडली, "डेल्मर, लग्नाचं विचारतोयस, की उतरू मी? पाय दुखले माझे!" तिला जाऊन तीन वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती रांग दिसते हो, तेवढंच.

हे सगळं मी समितीला सांगितलं. अध्यक्ष कोरीन, आमच्या शेजारीच वाढलेली, लोइसच्या हातचे डोनट खाऊन गुटगुटीत झालेली, ती चष्म्यावरून बघून म्हणते, "मिस्टर ह्युझिंगा, हे कितव्या निकषात बसतं?" अगं, निकष कसला? "मंजुरीचे नऊ निकष आहेत. रहदारी, सांडपाणी, मोकळी जागा... तुमची शिडी कितव्या निकषात बसते?" बसत नाही! कशातच बसत नाही! आणि दिवा लाल!

मग पेटलोच मी. पुढच्या सुनावणीला महिना होता, रोज सकाळी वाचनालयात जाऊन नगर नियमावली घोकली, एवढा अभ्यास शाळेत केला असता तर... जाऊ दे! आणि सापडला की हो! सहावा! त्या दिवशी बिल्डरचा वकील इस्त्रीच्या आवाजात सांगत होता, "झाडं म्हातारी आहेत, तिथं पार्किंग येईल," तेवढ्यात मी उठलो नि खणखणीत वाचलं, "मोकळी जागा रहिवाशांच्या वापरासाठी कायमची राखीव असावी!" म्हटलं, ही रांग म्हणजेच ती मोकळी जागा, लिहा! खरेदीखतात शब्दन्‌शब्द लिहा! कायमची! सभागृहात टाळ्या, कोरीनच्या डोळ्यांत पाणी, मंजूर, एकमतानं! त्या दिवशी घरी येऊन लोइसच्या फोटोला सांगितलं, बघ, या वेळी बोललो मी.

वसंतात संकुल उभं राहिलं. रांग तशीच, फुलांनी नुसती लगडलेली... मी आपला निघालो झाडाखाली बसायला, तर फाटक! कुलूप! आणि आमच्या खिडकीला खेटून सहा फुटी पांढरं कुंपण, तिच्यातून आता तेवढंच दिसतं. कोरीनला फोन केला, म्हटलं, हे कुंपण कितव्या निकषात बसतं गं? "आठव्या," म्हणाली, "शेजाऱ्यांना आडोसा." आणि कुलूप? ती बिचारी हळूच म्हणाली, "मिस्टर ह्युझिंगा... रहिवाशांच्या वापरासाठी. तुम्हीच लिहायला लावलंत ना..." अहो, मी काय रहिवासी नाही? एकावन्न वर्षं राहतोय इथं! पण नाही, संकुलाचे रहिवासी वेगळे!

लोइस असती तर पोट धरून हसली असती. आठवण येते हो तिची, फार येते, फुलं आली की जास्तच येते. काय करता? घर विकायला काढलंय. चाळीस पावलं पलीकडे राहायला जायचं म्हणतोय... प्रतीक्षायादीत चौदावा नंबर आहे.