साक्कोट्टैचा न वाजलेला संगु

नाव: वरदराज राव, वडिलांचे नाव सत्यनारायण राव. वय अठ्ठावन्न. धंदा: छत्र्या विकणे व दुरुस्त करणे. राहणार पोट्रामरै तळ्याच्या उत्तरेस, कुंभकोणम्, जिल्हा तंजावर, मद्रास राज्य. डिसेंबर १९५५.

मी स्वतः ठाण्यात येऊन, कोणी बोलावले नसताना, खालीलप्रमाणे सांगतो.

हा जबाब मराठीत लिहून घ्यावा असा हट्ट मी धरला. आमचे तंजावरकडचे मराठी लोक घराबाहेर तमिळ बोलतात आणि मलाही तमिळ चांगले येते. पण या प्रकरणात मी मराठीत बोललो आणि ते तमिळमध्ये माझ्या गळ्यात आले. तेव्हा आता माझे शब्द ज्या भाषेत निघतील त्याच भाषेत कागदावर बसावेत. जबाब घेणारे हेड कॉन्स्टेबल जानकीराम राव आमच्याच बोलीचे आहेत म्हणून हे जमले. तरीही ते काय लिहितात त्यावर माझी नजर आहे. हे वाक्यही लिहा असे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी लिहिले.

माझी धाकटी बहीण गोमतीबाई ही कुंभकोणम्‌च्या दक्षिणेला साक्कोट्टै गावी, अरसलार नदीकाठच्या खालच्या गल्लीत एकटी राहत असे. ती विधवा होती. तीन वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात त्या गल्लीची सगळी छपरे उडाली. त्यानंतर सरकारने पुढच्या वादळाच्या आधी तयारी असावी म्हणून गावाला अनुदान मंजूर केले. त्यातून दोरखंड, कंदील आणि लोकांना सावध करण्यासाठी हाताने फिरवायचा एक संगु घ्यायचा होता. संगु म्हणजे मोठ्याने ओरडणारे यंत्र. महाराष्ट्रात त्याला भोंगा म्हणतात असे जानकीराम राव सांगतात. आमच्या बोलीत तो शब्द नाही. तमिळमध्ये तरी असा वेगळा शब्द असता तर मी आज इथे बसलो नसतो.

अनुदान खर्च करायला गावात कमिटी झाली. तिचे सेक्रेटरी चंद्रमौली राव. हेही मराठी बोलणारे, तंजावरच्या दरबाराशी आपल्या घराण्याचा संबंध सांगणारे, बोलायला गोड. खर्चावर देखरेख करायला सरकारी नोकर नसलेला एक पंच हवा होता. त्यांनी मला गळ घातली. मी शहरात राहणारा, दुकानात अडकलेला. गावातला डोळसपणे पाहणारा माणूस सोडून मलाच का धरले, हे मला तेव्हा कळले नाही. मी खूष झालो. आता कळते आहे.

कंदील आणि दोरखंड मी डोळ्यांनी पाहिले. दोरखंड काथ्याचे होते आणि हातात घेताच धागे सुटत होते, पण होते. संगुची म्हणून एक लाकडी पेटी आली. ती धर्मशाळेच्या मागच्या खोलीत ठेवली. पेटीला खिळे ठोकलेले होते. उघडून दाखवा म्हटले तर चंद्रमौली म्हणाले की दमट हवेने आतले दाते गंजतील. वाजवून दाखवा म्हटले तर म्हणाले की इकडे मयताच्या पुढे शंख फुंकतात, गावात उगाच तसा आवाज घुमला तर बायका विचारतील कोण गेले. हे मला पटले. त्यांचे प्रत्येक बोलणे मला तेव्हा पटत असे.

त्याच सुमारास त्यांनी माझ्या घरी पूजेसाठी एक शंख पाठवला. नाचियार्कोविलच्या कारागिराकडून तोंडाला पितळेची पट्टी बसवून घेतलेला. माझ्या पत्नीने, वेंकटलक्ष्मीने, असला शंख आपल्याला फुकट कोण देतो असे विचारले. मी तिला संशयी म्हणालो.

त्यानंतर आठवडाभरात तालुक्याचे अधिकारी पाहणीला आले. ते तमिळ बोलणारे, मराठी अजिबात न येणारे. धर्मशाळेच्या ओसरीवर आम्ही तिघे उभे होतो. चंद्रमौली माझ्याकडे वळून आमच्या बोलीत म्हणाले, “वरदराजराव, शंख पावला ना?”

मी म्हणालो, “पावला. उत्तम आहे. फार छान घुमतो.”

मग ते अधिकाऱ्यांना तमिळमध्ये म्हणाले की संगु पावला, आवाज उत्तम आहे, पंच स्वतः सांगत आहेत. मी ते ऐकले. तमिळमध्ये शंखालाही संगुच म्हणतात आणि त्या यंत्रालाही संगुच म्हणतात. मला वाटले, ते माझ्या घरच्या पूजेचे कौतुक साहेबांना सांगत आहेत. साहेब संतोष आहे म्हणाले, मीही हात जोडले. पेटी कोणी उघडली नाही. एवढीच पाहणी झाली. मूर्खपणा माझा आहे हे मान्य. पण हा मूर्खपणा चंद्रमौलींनी मोजूनमापून शिवून घेतला होता, आणि आमच्या बोलीचा माणूस असल्याशिवाय तो कोणाला शिवता आला नसता.

या वर्षीच्या कार्तिकात पुन्हा वादळाची बातमी आली. दुपारी मी जटका, म्हणजे टांगा, करून साक्कोट्टैला गेलो आणि गोमतीला माझ्याबरोबर चल म्हणालो. ती आली नाही. धर्मशाळेत जा म्हणालो तर म्हणाली की तिथे सगळ्यांचा एकत्र स्वयंपाक, तिचे सोवळे कसे राहणार. मी म्हणालो, तुझे भांडे आणि शेगडी वेगळी ठेव, मी सांगून जातो. यावर ती थोडी नरमली. मग दारात उभी राहून म्हणाली, “एवढी घाई काय करूंलास, अण्णा? संगु वाजूं दे, मग जातें. वाजल्यावर क्षणभर बसणार नाहीं.”

मला राग आला. मी तिला हट्टी म्हणालो, आणखीही काही म्हणालो, ते लिहिण्याची गरज नाही. जटकावाला पूल बंद होईल म्हणून ओरडत होता. मी निघालो. धर्मशाळेचा राखणदार स्वामीनाथ याला पेटी दाखवून विचारले की संगु तू फिरवणार ना. तो म्हणाला, सेक्रेटरी येऊन खिळे काढून देतील, मग फिरवीन. यावर मी विश्वास ठेवून घरी गेलो.

सेक्रेटरी आले नाहीत. ते तिरुनागेश्वरम्‌ला व्याह्यांकडे होते असे ते सांगतात. खरे खोटे ठाण्याने शोधावे. संध्याकाळी अरसलारचा बांध फुटला. खालच्या गल्लीत पाणी शिरले आणि गोमतीच्या घराची पुढची भिंत आत कोसळली. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मला जाता आले.

मी पाहिले ते सांगतो. ती उंबऱ्याशी सापडली. लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला होता. काखेत बोचके होते; त्यात सोवळ्याचे वस्त्र, तिचे छोटे पातेले आणि देवघरातला शाळिग्राम. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होते आणि किल्ली कमरेला होती. गोठ्यात दावे पडले होते. ते तुटलेले नव्हते, गाठ सोडलेली होती. गाय धर्मशाळेच्या पायऱ्यांवर उभी होती. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

स्वामीनाथने एक गोष्ट सांगितली. धर्मशाळेतही गुडघाभर पाणी आले होते. तेव्हा संगुची पेटी पाण्यावर तरंगली आणि दारातून बाहेर गेली. ती पुढे केळीच्या बागेत अडकलेली सापडली, खिळे तसेच. लोखंडी यंत्र भरलेली पेटी तरंगत नाही. त्याने हे मला सांगितले आणि लगेच इकडेतिकडे पाहिले. पुढे दोनच दिवसांत ती पेटी बागेतून नाहीशी झाली. ती आता कोठे आहे हे मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल याचा मला अंदाज आहे.

दिवसकार्य झाल्यावर मी तालुका कचेरीत गेलो आणि संगु नव्हताच अशी तक्रार केली. अधिकारी तेच होते, पाहणीला आलेले. ते म्हणाले, पंच तुम्हीच होतात, पावला आणि आवाज उत्तम असे तुम्हीच माझ्यासमोर म्हणालात, आता दुसरेच कसे सांगता. तिथे उभ्या उभ्या मला ओसरीवरचे ते बोलणे समजले.

तिथून मी सरळ चंद्रमौलींच्या घरी गेलो. त्यांनी बसायला चटई दिली, कॉफी मागवली. मी कॉफी घेतली नाही. ते शांतपणे म्हणाले, “मी शंख विचारिला, तुम्हीं शंख सांगितला. यांत लबाडी कोणाची?”

मग समजावू लागले. संगु वाजला होता, पण वाऱ्याने आवाज पलीकडे नेला, असे म्हणाले. मी पेटीचे विचारले तर म्हणाले, पुरात काय तरंगेल आणि काय बुडेल कोणी सांगावे. त्यांनी असेही सांगितले की पुढच्या वर्षासाठी आणखी अनुदान येणार आहे, नदीला पक्का बांध होणार आहे. मी बोभाटा केला तर ते सगळे अडेल आणि गाव मला शिव्या देईल. अहवालात त्यांनी लिहिले आहे की वेळेवर सूचना दिली, सर्व लोक सुरक्षित जागी गेले, फक्त एका विधवा बाईने हट्टाने घर सोडले नाही. त्याच्या पुष्टीसाठी मी सही द्यावी, कारण ती हट्टी होती हे मीच नेहमी म्हणत असे, हे सगळ्यांना माहीत आहे. ती तर आता गेलीच, तिला काय फरक पडतो, असे ते म्हणाले.

मी सही दिली नाही. मला दिसते ते असे की संगु घेतलाच गेला नाही, रिकामी पेटी ठेवली, आणि मला शंख देऊन माझ्या तोंडून पोच वदवून घेतली. तो शंख मी आज सोबत आणला आहे. तो जमा करून घ्यावा; घरात ठेवायची माझी इच्छा नाही. पेटी कोणी हलवली, तिरुनागेश्वरम्‌ची गोष्ट खरी काय, कोणत्या दुकानातून काय आले, याचा तपास करावा. स्वामीनाथला विचारताना चंद्रमौली समोर नसावेत. बांधाला माझा विरोध नाही. बांध झालाच पाहिजे. पण तो माझ्या बहिणीला खोटे पाडून होऊ नये.

ती हट्टी होती हे खरे. लहानपणापासून होती. पण तिने मला सांगितले तसे केले. तिने गाय सोडली, कुलूप लावले, बोचके बांधले आणि उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. तिला ऐकायला चांगले येत होते.

जानकीराम राव यांनी वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना शेवटी एक ओळ ऐकू आली: “मयत गोमतीबाई सूचना मिळूनही घरात राहिल्याने मरण पावली.” हे मी सांगितलेले नव्हते. ठाण्यात आलेल्या पहिल्या खबरीत तसे आहे म्हणून सवयीने लिहिले, असे ते म्हणाले. तसे असेलही. ती ओळ त्यांनी माझ्यासमोर खोडली, बाजूला स्वतःची सही केली आणि माझ्या सांगण्यावरून लिहिले: “मयत गोमतीबाई सूचनेची वाट पाहत मरण पावली.” ती ओळ मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतली. आता मजकूर मी सांगितला तसा आहे, म्हणून खाली सही करतो.

वरदराज राव