तोफवाल्याच्या रक्तातलं दूध

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नगरपालिकेचे प्रमुख माननीय सफवतसाहेब, इस्पितळाचे सन्माननीय संचालक, भर उन्हात दिमयातहून आलेले पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या डॉक्टर इब्तिहालबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, अल्लाहची कृपा तुम्हा सर्वांवर असो.

मला भाषणाची सवय नाही. रमजानच्या महिन्यात सूर्य मावळला की नदीकाठची तोफ उडवायची, एवढंच माझं वक्तृत्व. ते तुम्ही नेहमी आवडीने ऐकलंत, कारण त्यानंतर लगेच जेवायला मिळतं. आज मला जेवणाआधी तोंडाने बोलायला उभं केलंय. ताटं मांडलेली आहेत, खजूर तुमच्या हातात दिलेले आहेत, आणि सूर्य खाली यायला लागलाय. तेव्हा आवरतं घेतो.

बाईंबद्दल काय सांगू? बाई कैरोच्या. बदलीवर इथे आल्या तेव्हा आपल्या खारवलेल्या मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावायच्या. उद्या परत जाताना त्याच मासळीचे डबे बांधून नेताहेत, मी स्वतः पाहिलेत. त्यांचं काम जाड माणसांच्या रक्तावर. आपल्या गावात कच्च्या मालाला तोटा नाही, हे त्यांना लवकरच कळलं.

आता या कामाची थोडी माहिती मी देणं म्हणजे धिटाईच. तरी बाईंनी मला समजावलं तसं सांगतो. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. बोट कापलं की ते धावत येऊन भोक बुजवतात. या कणांच्या अंगावरचा पापुद्रा चरबीचा असतो. माणूस माझ्यासारखा पसरला की त्या पापुद्र्यातली चरबीही बदलते, आणि कण चिडखोर होतात. जखम नसताना घोळका करून बसतात, आपल्या चहाच्या दुकानात बसतात तसे. फरक एवढाच, की हा घोळका हृदयाकडे जाणाऱ्या नळीत जमला तर माणूस जातो.

हे तपासायचं तर रक्त उपाशीपोटी हवं. आणि आपल्या गावात कुणी दारात आलं की आधी त्याच्या तोंडात काहीतरी कोंबायचं, ही आपली रीत. इस्पितळातल्या नर्सबाईच रक्त द्यायला आलेल्यांना तुपातली फतीर, आपली पदरांची पोळी, भरवायच्या. बाई रडकुंडीला आल्या. शेवटी त्यांनी ठरवलं, रक्त घ्यायचं ते रमजानमध्ये, दुपारच्या नमाजानंतर. सगळं गाव आपोआप उपाशी. आहे की नाही हुशारी?

या रमजानमध्ये मीही गेलो. नळ्या यंत्रात फिरवून टेबलावर ओळीने ठेवल्या. तांबडं खाली बसलं होतं आणि वर पिवळसर पाणी, सगळ्यांचं तसंच. माझ्या नळीत मात्र वर दूध. साखर घालून प्यावं असं पांढरं. आणि तूपकट जेवण झाल्यावर रक्त असं दिसतं, हे बाईंनीच आधी सगळ्यांना समजावलेलं.

बाई म्हणाल्या, "बदावीकाका, ज्यांनी रोजा मोडलाय त्यांनी तसं सांगून टाकावं. माझं काम बिघडतं हो."

"बाई, पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नाही."

"मी रागावत नाहीये काका. पण रक्त खोटं बोलत नाही."

अर्धी गल्ली तिथे बसली होती. मी आहे हा असा. काडीसारख्या माणसाच्या नळीत दूध निघालं असतं, तर यंत्र बिघडलं म्हणाले असते. माझं पोट बघितल्यावर कुणाला पुराव्याची गरज वाटेल?

त्या संध्याकाळी मी तोफ उडवली तेव्हा काठावरून कुणीतरी ओरडलं, "तुझं तर झालंय ना रे, आमचं कशाला अडवलंस इतका वेळ?" लोक हसले. मीही हसलो. हसण्यावारी न्यावं म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी अध्यक्षसाहेबांनी बोलावून घेतलं आणि प्रेमाने म्हणाले, "बदावी, लोकभावना आहे. थोडे दिवस आराम कर." तोफेची दोरी त्यांच्या मेहुण्याकडे गेली. मेहुण्यांनी पहिल्याच दिवशी, सूर्य अजून खजुरीच्या शेंड्याला असताना, तोफ उडवून दिली आणि सगळं गाव वेळेआधी जेवलं. कुणाचं रक्त तपासलं नाही. असो. साहेब, राग मानू नका.

या सगळ्याचं मला फारसं काही वाटलं नसतं. पण घरी गेलो तर माझी झकिया, ती तिकडे बायकांत तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिने दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "माझ्याशी तरी खरं बोला. खाल्लंत ना?"

मित्रहो, मी खरंच आठवायला बसलो. कारण तोवर माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता. झोपेत उठून काही खाल्लं असेल का? तूप लावलेलं बोट नकळत चाटलं असेल का? माझ्या पोटापेक्षा त्या नळीवर माझा जास्त विश्वास बसला, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग काही दिवसांनी, स्वतःची खात्री करून घ्यायला, बाई रजा टाकून आमच्या घरी आल्या. उजाडायच्या आधी आल्या आणि ओसरीवर बसल्या, झकिया त्यांच्या शेजारी, मी समोर. मी न्हाणीघरात गेलो तर दाराबाहेर माझा भाऊ पहारा देत होता. दिवस उताराला लागल्यावर बाईंनी रक्त घेतलं, सोबत आणलेल्या छोट्या यंत्रात फिरवलं. दूधच. बाईंनी नळी झकियापुढे धरली आणि म्हणाल्या, "यांनी त्या दिवशीही खाल्लं नव्हतं. यांच्या रक्तातली चरबी उपाशीपोटीसुद्धा उतरत नाही, तो आजार आहे. चूक माझी झाली." झकिया उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आत्ता माझ्याआधी बाई हेच तुम्हा सर्वांसमोर बोलल्या. ते बोलू दिल्याशिवाय शाल घेणार नाही, अशी त्यांची अट होती म्हणे. बाई, एवढ्या शिकलेल्या माणसाने एवढ्या लोकांत मान खाली घालणं सोपं नाही. मला त्याचं मोल कळतं. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि अध्यक्षसाहेबांनी जाहीर केलं की आजची तोफ बदावीच उडवणार.

पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती न सांगता मी दोरीला हात लावू शकत नाही.

त्या दिवशी बाईंनी पुढचंही सांगितलं होतं. माझ्या प्लेटलेट नुसत्या धक्क्याने गोळा होतात. साखरही वाढली आहे. "काका, यंदा रोजे बंद. दुपारी थोडं खायचं आणि वर गोळ्या. ऐकलं नाहीत तर तोफेच्या आवाजानेच एक दिवस जाल." मी रडलो, हातापाया पडलो. बाई ऐकेनात.

तेव्हा बंधुभगिनींनो, ज्या दिवशी तुम्ही मला खाणारा म्हणालात, त्या दिवशी मी उपाशी होतो. आणि आज तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्यात, तर आज दुपारी मी जेवलोय. बाकल्याचे उकडलेले दाणे आणि अर्धी भाकरी. दार लावून, खिडकीवर चादर टाकून, चोरासारखा. आजाऱ्याला धर्माने सूट आहे, हे मलाही माहीत आहे. पण घास काही गिळवत नाही.

आता सांगा, अशा माणसाने तुमचा रोजा सोडवलेला चालेल का? चालणार असेल तर तोफ उडेपर्यंत खजूर हातात धरून थांबा. नसेल तर ते ताटात ठेवा, अध्यक्षांचे मेहुणे आहेतच. मी मान वर करून बघणार नाही, मला धीर होत नाही. झकिया, तू बघ आणि मला सांग.

बाई, तुम्ही माझा जीव वाचवलात, तुमचे आभार कसे मानू हे मला सुचत नाही. सुखरूप पोचा, आणि ती मासळी फार खाऊ नका, मीठ असतं. अध्यक्षमहाराजांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ भुकेल्या पोटी माझं ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर पदरात घ्या.

काय म्हणालीस, झकिया? मोठ्याने सांग, मला ऐकू येत नाही.

बरं. ती म्हणते, "सगळ्यांच्या हातातच आहेत, पळा आता, सूर्य गेला."