गंजकी काठी कुणी घासली?

मी घासली नाय म्हणून ओरडले, पण इश्वास कुणी ठेवला गो? रोह्याच्या बंगल्यावर मी कामाला. साहेबांनी गोल्फची एक काठी मुद्दाम गंजवलेली. म्हणे, गंजानं चेंडू गिरकी घेतो, हाताला मऊ लागतं. दसऱ्याला बघतात तर काठी ताटासारखी लखलखीत!

“कमलबाई, हा तुमचाच चिंचेचा हात! उद्यापासून येऊ नका.”

रागानं त्यांनी त्याच काठीनं चेंडू हाणला. मी उचलून आणला, तर चेंडूला कुंकू!

“साहेब, मी काठीला हळदीकुंकू कशाला लावू?”

पेणहून सणाला आलेल्या त्यांच्या आई, सुमतीआई, ओटीवरून गरजल्या, “गंजकं हत्यार पुजतात व्हय रे?”

मी पदर खोचला. “बोला साहेब, उद्यापासून कोण येणार नाय? मी, की सुमतीआई?”