वैजूचे तीन महिने

“हॅलो?… कोण?… जरा मोठ्यानं बोल, इथं मशीन चालू आहे!”

इतवारीतल्या छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या श्रीधरनं दुसऱ्या कानात बोट घातलं. फोनवर गोपिका होती. दोघांच्या घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती. ती धरमपेठेतल्या बँकेत नोकरीला होती. आठ वर्षांची वैजू तिच्याकडे, आणि श्रीधरच्या वाट्याला फक्त रविवार. पोरीचा ताबा मिळावा म्हणून त्यानं कोर्टात अर्ज केला होता. तारीख शुक्रवारची.

“वैजू बरी आहे न?… मग फोन काहून केला?… काय? प्रमोशन?… अवं, मस्तच की!… हो, हो… तीन महिने पुण्याले ट्रेनिंग… मग जा न!… नाही म्हणून राहिली? काहून?”

मालक रामाजींनी मशीन बंद केलं. आता त्यांनाही नीट ऐकू येणार होतं.

“…माह्या अर्जामुळे?… आई पोरीले टाकून गेली, असं मी कोर्टात सांगीन म्हणतेस?”

श्रीधरचा वकील तर अशाच एखाद्या गोष्टीची वाट पाहत होता. पण बँकेच्या परीक्षेच्या वेळी गोपिका एका हातानं पोळ्या लाटत, दुसऱ्या हातात वही धरून पाठ करायची, ते त्याला आठवलं.

“अवं ऐक न… आधी ऐक तर! तू जा. वैजू माह्यापाशी राहील… हो, सकाळी शाळेत मी सोडीन, दुपारी शेजारच्या इंदुताई पाहतील… वेणी? येते मले. रविवारी शिकून राहिलो न! वाकडी येते, पण येते… परत? देईन न. लिहून देतो, पाहिजे तर… अर्जही मागे घेतो शुक्रवारी… खरंच, वं! फक्त तू आल्यावर रविवारासंगं बुधवारची संध्याकाळ मले दे… चालते?… चालते!”

हे तो इतक्या जोरात ओरडला, की रामाजी पेपर तोंडापुढे धरून हसले.

“वैजू तिथंच आहे? शाळा सुटली?… दे तिले… वैजू? हो, माह्याकडेच!… मांजर? आण न, त्यात काय… पिल्लं झाली? कधी?… किती?… हासू नको, किती ते सांग!”

पलीकडे दोघी खिदळत होत्या. गोपिकाचं हसू त्यानं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

“वैजू?… हॅलो?… हॅलो?”

लाइन तुटली होती.