पेशकारांशी काय बोलायचंय

विषय : माजी पेशकार व्यंकटराव यांच्याशी मला जे बोलायचं आहे, ते मी एकदाचं बोलून टाकावं, याबाबत. संदर्भ : त्यांच्या चिरंजीवांची, म्हणजे आपली, आत्ताची तोंडी विनंती. बरोबर ना, भुजंगराव? — हसू नका, जन्मभर तहसिलीत मुन्शीगिरी केली, विषय मांडल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. बसा. आत चहा होतोय.

तर वडील जेवत नाहीत म्हणता. ताट पुढं आलं की विचारतात, त्या बन्सीधरला माझ्याशी काय बोलायचं असेल रे? — आता मी काय केलं? संध्याकाळी ते स्टेशनच्या रस्त्याला लिंबाखालच्या ओट्यावर बसलेले असतात, मी रामराम घालतो आणि निघताना म्हणतो — व्यंकटराव, उद्या जरा बोलायचंय तुमच्याशी. बस्. दुसऱ्या दिवशी बोलत नाही. निघताना पुन्हा तेच. यात गुन्हा कोणता? — दिवस वाईट आहेत, खरंय, रझाकार हिंडायलेत, अर्धी पेठ वऱ्हाडात निघून गेली, कोण कुणाचं नाव कुठं सांगेल भरवसा नाही. आणि अशा दिवसांत पेशकारांना धास्ती कुणाची, तर पेन्शनीतल्या एका मुन्शीची! मला तर मान मिळाल्यासारखं वाटायलंय.

आणि वाक्य माझं नाहीच हो, तुमच्या वडिलांचं आहे. ते पेशकार, म्हणजे माझे वरचे साहेब; कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, पण भीती घालायची ती मायबोलीत — शेरवानीची बटणं लावत उठायचे, माझ्यापाशी थबकायचे — बन्सीधर, उद्या जरा बोलायचंय तुझ्याशी. की गेले. मी घरी येऊन भाकरी मोडायचो आणि तशीच ठेवायचो. चूक कुठं झाली? चुगली कुणी केली? बदली कुठं, जिंतुराला का हिंगोलीला? दुसऱ्या दिवशी हे माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. आमची कस्तुराबाई म्हणायची — अहो, सोडून द्या की काळजी. सोडून द्या म्हणे! सोडायची तरी कुठं? मोकाट जनावर सोडलं की कुणाच्या तरी रानात शिरणारच. मी नोकरीभर दाव्याला बांधून ठेवली, आणि पेन्शन झाल्यावर नेऊन सोडली ती थेट तुमच्या अंगणात. तेव्हापासून लय शांत झोप लागते. म्हणजे, लागायची. अलीकडं जरा धाकधूक होते — आज ओट्यावर येतील का, अंथरूण धरलं तर माझं वाक्य ऐकायला कोण, का त्यांना कळलंच असेल... ते जाऊ द्या.

एक सांगतो, काळजीला कारण लागत नाही. कारण कळलं की ती काळजी राहत नाही, दुःख होतं, आणि दुःखात माणूस दोन घास खातो. माझी आई गावाकडं झरीला वारली तेव्हा मी खाल्लेच की. निरोप आला होता, आईचं काही खरं नाही, येऊन जा म्हणून. पण पेशकारसाहेबांना उद्या बोलायचं होतं ना! रजा मागायला जावं आणि त्यातच काही निघालं तर? थांबलो. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर. मी झरीला पोचलो तेव्हा भाऊ राख सावडून नदीवरून परत येत होता — हा मजकूर कामकाजात धरू नका. विषयाला सोडून आहे.

उपाय? उपाय अगदी साधा आहे. उठायचं, समोर जायचं आणि विचारायचं — काय बोलायचंय ते आत्ता बोला. मला नोकरीभर जमलं नाही. तुमच्या वडिलांनाही जमलं नाही, त्यांनी मुलाला पाठवलं. — घ्या, चहा आला. खरं सांगू? मला काहीच बोलायचं नाही. कधीच नव्हतं. चहा झाला की येतो तुमच्याबरोबर, तोंडावर सांगतो, व्यंकटराव, काही नव्हतं, सुखानं जेवा. फक्त एक विचारतो — त्या दिवशी, झरीचा निरोप आला त्या दिवशी, तुम्हाला काय बोलायचं होतं? तेवढं कळलं की माझंही मन मोकळं झालं. अगं, माझी टोपी आण!

काय म्हणता? — तुम्ही विचारलंत त्यांना? — आठवत नाही? बरं, तो दिवस नसेल आठवत, वय झालं, पण ते वाक्य तरी... — सगळ्यांनाच म्हणायचे? शिपायालासुद्धा? — म्हणजे निघतानाची पद्धत, कुणी ‘येतो’ म्हणतं तशी?

...

टोपी राहू दे गं.

नाही, भुजंगराव, रागावलो नाही. सांगा वडिलांना, तुमचा अर्ज ऐकून घेतला. नामंजूर केलेला नाही. विचार चालू आहे. चहा संपवा आणि उजेड आहे तोवर निघा. जाताना दार ओढून घ्या. अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही.